सुनेच्या ट्रंकेतलं जाड बायबल

बसलात का सगळे? पुढे सरका जरा, पुढे जागा आहे! मागं बसणाऱ्याला वाटतं, आपण दिसत नाही. दिसता हो, सगळे दिसता. कोण टाळ वाजवतंय आणि कोण नुसताच हातात धरून बसलंय, तेही दिसतं!

मंडळी, आख्यान मग. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या.

हे पुस्तक, हे माझ्या हातातलं, हे लिहिलं कुणी?

देवानं? बरं. कोणत्या शाईनं? आणि आपल्या गावात आलं कसं — पोस्टानं? हसू नका! दुसरा कुणी म्हणेल, माणसांनी लिहिलं. तेही बरं. पण मग माणसाच्या लिहिण्याचा भरवसा काय? माणूस तर सातबाऱ्यावर सख्ख्या भावाचं नाव खाली आणि आपलं वर चढवतो! अशा माणसाच्या हातानं देवाचं बोलणं आलं असेल, तर ते जसंच्या तसं आलं कशावरून? मधे कुणी काही घातलं नसेल? कुणी काढलं नसेल?

आता सगळे गप्प! असा प्रश्न देवळात विचारायचा नसतो, होय ना? पण एका बाईनं विचारला. धरा टाळ —

कोणी लिहिले, कोणी दिधले, कोठुनि आले दारी?
पुसता पुसता थकली वाणी, ग्रंथ राहिला करी!

ऐका. प्रवरेच्या काठाला निंबेवाडी नावाचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आपली ख्रिस्ती वस्ती, वस्तीच्या टोकाला देऊळ. तेव्हा देवळाला घंटा नव्हती. रेल्वेच्या रुळाचा तुकडा बाभळीला टांगलेला, त्यावर लोखंड आपटलं की उपासना सुरू! त्या रुळाचा आवाज असा, की पलीकडच्या गावची माणसंसुद्धा प्रार्थनेला डोकं झाकायची. आता भोंगे आलेत, पण माणसं येत नाहीत. असो.

त्या वस्तीत राहायची तान्हाबाई. दावीदमास्तरांची बायको. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे, ते वारून बरीच वर्षं झालेली. एक मुलगा, शांतवन, साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला.

तान्हाबाई स्वभावानं कशी? संशयी! बाजारात गेली की आधी तागडीच्या पारड्याखाली हात घालून बघायची, चिंच-बिंच चिकटवली नाही ना! दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून नखावर थेंब धरायची. भावकीतून आलेला लाडू आधी मांजराला! आणि मांजर बिचारं लाडू खाऊन तिच्याकडेच संशयानं बघायचं!

पण सगळ्या जगात एका वस्तूवर तिचा संशय नव्हता. मास्तरांचं बायबल. काळं कातडी कव्हर, कडा लाल. तान्हाबाईला अक्षर येत नव्हतं. मास्तर रोज सांजेला वाचायचे, ती ऐकायची. तिचा समज असा, की हे पुस्तक आहे तसं वरून आलं. कव्हरासकट! लाल कडांसकट! मधल्या रेशमी फितीसकट!

आता हसलात, पण तुमचाही समज याहून फार वेगळा नाही. बघा बरं मनात डोकावून.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती हळू आवाजात. तान्हाबाईला एक मुलगी होती. करुणा. नुकती पाटी घेऊन शाळेत जायला लागलेली. घटसर्प झाला. मास्तर तिला खांद्यावर टाकून नदी ओलांडून दवाखान्यात निघाले, पण पोर वाटेतच गेली. तान्हाबाई तेव्हा एकदाच म्हणाली, "मास्तर, देवाला विचारा. माझीच का?" मास्तर म्हणाले, "तान्हे, देवाला जाब विचारायचा नसतो."

झालं! बाईनं तो जाब गिळला. मास्तरांनी सांजेला स्तुतीची स्तोत्रं वाचायची, हिनं हात जोडून ऐकायची. पण गिळलेला जाब पोटात कुजतो, मंडळी. जी बाई देवाला काही विचारू शकत नाही, ती मग दूधवाल्याला विचारते, भाजीवालीला विचारते, साऱ्या जगाची उलटतपासणी करते!

तर अशा घरात सून आली. सिसिलिया.

सिसिलिया होती कॅथलिक, आणि आपली ही वस्ती प्रॉटेस्टंट. आता आपल्याकडचं तुम्हाला ठाऊकच आहे. एकाच भावकीतली माणसं, निम्मी या देवळात, निम्मी त्या देवळात. आज्याच्या काळात ज्या मिशनची शाळा जवळ, ते आपलं मिशन! शांतवनच्या मामानं जमवलं, पोरगी चांगली, शिकलेली. तान्हाबाईनं होकार दिला, पण कसा? बैल घेताना दात बघून देतात तसा.

पोरगी आली, आणि पहिल्याच दिवशी जेवायच्या आधी तिनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली.

"हे काय गं?" तान्हाबाई म्हणाली. "माश्या हाकलतीस काय?"

"क्रूसाची खूण करते, आत्याबाई."

"आमच्यात नसते."

"बरं, आत्याबाई." पोरीनं मान खाली घालून भाकरी मोडली.

पण खरी ठिणगी पडली ती ट्रंक उघडल्यावर. सिसिलियानं ट्रंकेतून आपलं बायबल काढलं, बापानं दिलेलं, आणि फळीवर मास्तरांच्या बायबलाशेजारी ठेवलं. तान्हाबाई शेणाचा हात धुऊन आत आली, आणि थांबली. बघते तर सुनेचं पुस्तक — जाड!

बाईच्या हातात तागडी नव्हती, पण हातच तागडी! एका हातावर मास्तरांचं घेतलं, दुसऱ्यावर सुनेचं. खाली-वर, खाली-वर. मग थेट शेजारी. "सर्जा! ए सर्जाबाई! चौथी पास ना तू? ये इकडं."

सर्जाबाई म्हणजे कोण? वस्तीत एखादी असतेच — जिला बोलावलं नाही तरी येते, आणि बोलावलं तर चप्पल न घालता येते! आली. दोन्ही पुस्तकांची अनुक्रमणिका उघडली. ओठ हलवत, बोट सरकवत वाचायला लागली. उत्पत्ती याच्यात, त्याच्यात. निर्गम याच्यात, त्याच्यात. आणि मधेच तोंडाला पदर!

"अगं बाई, तान्हाबाई! हिच्यात जास्तीची हाईत! हे बघ, तोबित. हे युदीथ. हे मक्काबी. मास्तरांच्यात न्हाईत ही नावं. सात पुस्तकं जास्ती!"

"सात!" तान्हाबाई खालीच बसली. "देवाच्या पुस्तकात घुसडली?"

"मी आपलं दिसलं ते सांगितलं बाई. माझं नाव नको घेऊ." आणि गेली. कुठं गेली? वस्तीभर!

सिसिलिया पाण्याची घागर घेऊन दारात आली, तर सासू उंबऱ्यावर. दोन्ही पुस्तकं मांडीवर.

"ही सात कुणी घातली?"

"कुणी नाही घातली, आत्याबाई. आमच्यात पहिल्यापासून आहेत."

"मग माझ्या मास्तरांच्या पुस्तकात का न्हाईत?"

पोरगी थकलेली. घागर डोक्यावर, आणि तोंडून निघून गेलं, "तुमच्यातली कुणी काढली ते मला काय माहीत?"

बघा! जे मनात असतं ते घागर डोक्यावर असताना निघतं!

"म्हंजे? माझा मालक चोर?"

"तसं नाही, आत्याबाई—"

"आता काही बोलू नको. रविवारी देवळातल्या पाळकसाहेबांना चहाला बोलवते. ते म्हणले खरं, तर खरं. ते म्हणले घुसडलेलं, तर हे पुस्तक या घरात राहणार नाही. आणि पुस्तकवालीबी नाही. सोमवारी सकाळी गाडी आहे तुझ्या गावाला."

शांतवन संध्याकाळी कारखान्यातून आला. अंगावर मळी, डोळ्यांत झोप. आईनं एका कानात सांगितलं, बायकोनं दुसऱ्या. पोरगा बॉयलरसमोर उभा राहणारा, पण अशी वाफ त्यानं पाहिली नव्हती! म्हणाला, "आई, पुस्तकावरून कुणी सून परत धाडतं का?" आई म्हणाली, "देवाच्या पुस्तकावरून धाडते." बायकोला म्हणाला, "तू रविवारपर्यंत आपल्या घरचंच वाच, सिसिली. कटकट नको."

म्हणून मग सांजेला सिसिलिया मास्तरांच्या बायबलातून वाचायला लागली. आणि तान्हाबाई? समोर बसायची. डोळे मिटून? छे! डोळे वटारून! सून पान उलटते तर ही मान लांब करते. अक्षर येत नाही, पण पहारा चोख.

इथं एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. मास्तर वाचायचे ते निवडून. आज हे, उद्या ते. आवडीचं, गोड. सिसिलियाच्या माहेरची रीत वेगळी. ओळीनं वाचायचं, एकही गाळायचं नाही. काल जिथं थांबलो, आज तिथून पुढे. स्तोत्रांचं पुस्तक चाललेलं. शनिवारी सांजेला पुढचं पान आलं, तर ते उघडेना! लाल कडा एकमेकींना धरून बसलेल्या. पोरीनं नखानं हळूच सोडवलं. कर्र आवाज झाला, कोऱ्या वहीचा होतो तसा. आणि ती वाचू लागली.

आता त्या स्तोत्रात काय आहे, ते मी आपल्या साध्या शब्दांत सांगते. एक माणूस आहे. तो देवाला दिवसा हाक मारतो, अंधार पडल्यावर हाक मारतो. म्हणतो, मी मेल्यातच जमा आहे. तू मला खड्ड्यात टाकलंस. माझी माणसं तू माझ्यापासून तोडलीस. का? आणि शेवटी दुसरी स्तोत्रं कशी वळतात — 'तरी मी तुझी स्तुती करीन' — तसं हे वळतच नाही! अंधारात सुरू होतं, आणि अंधारातच थांबतं. गा —

हाक मारिता कंठ सुकला, दार न उघडे कोणी,
तरी उंबरी बसुनि राहिली, डोळां आटले पाणी!

"थांब!" तान्हाबाई ओरडली. "कुठून वाचतीस?"

"इथूनच. तुमच्याच पुस्तकातून."

"खोटं! मास्तरांनी आयुष्यभर वाचलं, असलं कधी आलं नाही. देवाला कुणी असं बोलतं? आण इकडं." पुस्तक हिसकावलं. शिवणीवरून बोट फिरवलं. "आवाज ऐकला मी. पान कोरं वाजलं. तू आत पानं घातलीस! तुझ्यातली काढून माझ्यात घातलीस!"

"आत्याबाई, पानं कशी घालीन? शिवलेलं पुस्तक आहे!"

"ज्यांनी सात पुस्तकं घातली, त्यांना दोन पानं काय जड!"

आणि मंडळी, एवढं बोलून बाई पुस्तक छातीशी धरून चुलीपाशी जाऊन बसली. सुनेला वाटलं, रागानं थरथरते आहे. राग होताच. पण आतून दुसरंच काही हललं होतं. ते शब्द ओळखीचे होते! पुस्तकात कधी ऐकले नव्हते, पण पोटात होते. नदीकाठच्या त्या दिवसापासून होते. माझ्या पोटातलं हिला कुणी सांगितलं? हाही एक संशयच!

रविवार आला. उपासना सुटली. पाळकसाहेब जयवंत शेलार चहाला आले. अंगणात बाज टाकली. सर्जाबाई आपल्या अंगणात ज्वारी निवडायला बसली. एकच मूठ, तीच तीच मूठ!

तान्हाबाईनं दोन्ही पुस्तकं पुढ्यात ठेवली. "साहेब, खोटं कोणतं?"

पाळकसाहेबांनी चहा बशीत ओतला. म्हणाले, "तान्हाबाई, खोटं कोणतंच नाही. हे भांडण फार जुनं आहे, तुमच्या सुनेनं आणलेलं नाही. यहुदी लोकांची इब्री भाषेतली पुस्तकं होती. त्यांचेच लोक दूर देशी जाऊन राहिले, ते ग्रीक बोलायला लागले. त्यांच्याकडे ग्रीकमध्ये ती पुस्तकं होती, आणि ही सातही होती. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या बहुतेक ग्रीकच वाचायच्या. पुढे शेकडो वर्षांनी आपल्या बाजूचे लोक म्हणाले, इब्रीत आहेत तेवढीच धरू. त्यांची बाजू म्हणाली, आम्ही वाचत आलो ती सोडणार नाही. झालं."

"म्हंजे ठरवलं माणसांनी?"

"माणसांनी."

"आणि लिहिलं?"

"तेही माणसांच्याच हातांनी. देवाच्या प्रेरणेनं, पण हात माणसाचे. कुणी मेंढपाळ, कुणी कोळी, कुणी तुरुंगात पडलेला. कातड्यावर लिहायचे. कातडं झिजलं की दुसऱ्यावर उतरवायचे. आपल्या मराठीत आणताना तर पाद्री आणि पंडित शेजारी बसून एकेका शब्दावर वाद घालायचे."

तान्हाबाईचा चेहरा उतरला. सुनेचं पुस्तक खोटं ठरवायला बसली होती, आणि इथं तिचंच आभाळातून जमिनीवर आलं! ना कव्हर वरून आलेलं, ना फीत.

"मग काय भरवसा, साहेब? मेंढपाळाच्या बोलण्यावर मी मरताना डोकं ठेवायचं?"

"तान्हाबाई, जात्यावर ओव्या म्हणायच्या ना तुम्ही? त्या कुणी लिहिल्या?"

"लिहिल्या कुणी! बाया दळायच्या, दुखायचं, म्हणायच्या."

"ही स्तोत्रं तशीच आधी म्हटली, मग लिहिली."

बाईला एकदम आठवलं. "ते जाऊ द्या! हिनं माझ्या पुस्तकात पानं घातलीत, ती बघा. काढ गं ते पान, शनिवारचं!"

सिसिलियानं पान काढलं. दाराआडून शांतवन बघतोय. पाळकसाहेबांनी चष्मा लावला. कड बघितली, शिवण बघितली, वाचलं. मग सुनेचं बायबल उघडलं. त्यातलंही वाचलं. मनातल्या मनात, सावकाश. सर्जाबाईच्या हातातली ज्वारी सांडली, तरी तिचं लक्ष नाही!

"तान्हाबाई," साहेब म्हणाले, "हे पान तुमच्याच पुस्तकातलं आहे. छापल्यापासून आहे. चिकटलेलं होतं, म्हणून कोरं वाजलं. मास्तरांनी कधी उघडलं नसावं. आणि हे तुमच्या सुनेच्या पुस्तकातही आहे. त्या सातांवर आपली भांडणं आहेत. या गाऱ्हाण्यावर नाहीत. हे कुणीच काढलं नाही."

बाई पानाकडे बघत राहिली. अक्षर येत नाही, तरी बघत राहिली.

"मास्तरांनी का नाही वाचलं मला?"

दाराआडून शांतवनच बोलला. "आई, ताईला खांद्यावरून त्यांनीच नेलं होतं. काय लिहिलंय ते ठाऊक असणार, पण हे पान उघडायचा धीर बाबांना झाला नसेल."

त्या घरात ताई हा शब्द किती वर्षांनी उच्चारला गेला, देव जाणे.

तान्हाबाईनं पदरानं नाक पुसलं. पण स्वभाव! उलटतपासणी संपली नव्हती. आता साक्षीदार बदलला होता.

"साहेब, हे ज्यानं म्हटलं, त्याचं कोण मेलं होतं?"

"माहीत नाही. लिहिलेलं नाही."

"कुणीतरी मेलंच होतं. त्याशिवाय असं निघत नाही तोंडातून." मग पानावर बोट ठेवून, "आणि हे देवाच्या तोंडावर म्हटलं?"

"हो. प्रार्थनाच आहे ही."

"देवानं ऐकलं?"

"ऐकलं असं आपण मानतो."

"आणि तरी हे आपल्या पुस्तकात राहू दिलं? खोडलं नाही? जीभ झडली नाही त्याची?"

पाळकसाहेबांच्या बशीतला चहा गार झालेला. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "नाही, तान्हाबाई. खोडलं नाही. आपणच गाळलं."

तान्हाबाई उठली. सुनेपुढं आली, मातीत बसली. "वाच," म्हणाली. "शनिवारी मी मधेच तोडलं. पहिल्यापासून वाच."

सिसिलियानं वाचलं. भर अंगणात, उन्हात. 'का' आला, तिथं तान्हाबाईनं वर बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "माझी करुणा का नेलीस? सांग! पाटीवर नाव लिहायला शिकली होती ती. का नेलीस?"

आभाळातून काही उत्तर आलं नाही. ऐका, मी उगाच चमत्कार घालणार नाही! वीज चमकली नाही, आवाज झाला नाही. एक सर्जाबाई तेवढी पलीकडे ओक्साबोक्शी रडायला लागली. पण तान्हाबाई, जी मास्तरांच्या मयतालाही खालीच बघत होती, ती त्या दिवशी वर तोंड करून रडली. आणि सुनेनं पुस्तक बाजूला ठेवून तिला धरलं, तर बाईनं हात झटकला नाही.

संध्याकाळी शांतवन चाचरत म्हणाला, "आई, ती सोमवारची गाडी—"

"तू जा गाडीनं, जायचं असलं तर! तिला वाचायचंय."

आता तुम्ही म्हणाल, बाई बदलली. कुठची! दुधात बोट बुडवणं सुटलं नाही. ती सात पुस्तकंही तिनं सुनेकडून ऐकली, तोंडाला पदर लावून. मधेच म्हणायची, "हे जरा घुसडल्यासारखं वाटतंय हां!" सिसिलिया हसायची. जेवायच्या आधी सून खूण करायची आणि सासू डोकं झाकायची, आणि भाकरी एकाच टोपलीतली.

मंडळी, आता माझ्याकडे बघू नका, स्वतःकडे बघा. पुस्तक कुठून आलं, हे विचारणं पाप नाही. खुशाल विचारा! पाळकांना विचारा, शिकलेल्यांना विचारा. ते सांगतील, कातडं कोणतं, भाषा कोणती, यादी कुणाची. ते कळल्यानं डोकं शहाणं होतं. पण तेवढ्यानं तान्हाबाईचं रडं फुटलं नसतं! ते फुटलं, कारण लिहिणाऱ्याच्या आवाजात तिला आपला आवाज ऐकू आला, आणि ज्याच्याविषयी तक्रार, त्यानंच ती जपून ठेवलेली दिसली.

तुम्ही इथं बसलात, गोड गोड पदं म्हणालात. पण पोटात काहीतरी आहे. या बाईच्या आहे, त्या खांबाला टेकलेल्या दादांच्याही आहे. मला नका सांगू! घरी जा, दार लावा, आणि त्याला सांगा. चढ्या आवाजात सांगितलंत तरी चालेल. लोक म्हणतात, देवाशी भांडणाऱ्याची श्रद्धा कच्ची. मला हे पटत नाही. अहो, रिकाम्या घराच्या दारात उभं राहून कुणी भांडतं का? जो भांडायला उभा राहिला, त्याला आत कुणीतरी आहे हे ठाऊक असतं!